विश्लेषण : मुंबई-लंडन अंतर एकच, मग जाताना दहा तास आणि येताना नऊ का? तळोद्याहून निघाल्यास प्रत्यक्षात किती वेळ लागतो?

मोबाइलवर ‘मुंबई ते लंडन अंतर’ असे टाइप केले, की क्षणात सुमारे ७,२०० किलोमीटर हा आकडा समोर येतो. तिकिटाच्या अ‍ॅपवर मात्र जाण्याचा वेळ साधारण दहा तास आणि परतीचा नऊ तास दिसतो. त्यातही निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ एकमेकांतून वजा केली, तर हिवाळ्यात जाताना साडेचार आणि येताना साडेचौदा तास असे उत्तर मिळते. अंतर तेच, विमानही तसेच, मग आकडे इतके वेगळे का?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी निघणाऱ्यांच्या घरात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाही. तळोदा, अक्कलकुवा, शहादा या भागातून निघणाऱ्यांना विमानतळच शेकडो किलोमीटर दूर आहे. गाडी किती वाजता सांगायची, रेल्वे धरायची की नाही, मधल्या विमानतळावर दोन तास पुरतील का, हे सगळे याच आकड्यांवरून ठरते. अंदाज चुकला तर तिकिटाचे पैसे आणि कधी कधी प्रवेशाची तारीखही हातची जाते. म्हणूनच हे आकडे कुठून येतात आणि त्यातला कोणता धरून चालायचे, हे समजून घ्यायला हवे.

फोन सांगतो ते अंतर नेमके कोणते?

फोनवर दिसणारे हवाई अंतर म्हणजे दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून गणिताने काढलेले, पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचे सर्वात कमी अंतर. त्यात रस्ता, नदी, डोंगर, देशांच्या सीमा, वारा यांपैकी काहीही धरलेले नसते.

हे गणित घरच्या घरी पडताळता येते. उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. तळोदा साधारण २१.५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर नंदुरबार २१.३७ अंशांवर. दोन्ही गावे जवळपास एकाच रेखांशावर आहेत. फरक ०.२ अंशांचा, म्हणजे हवाई अंतर साधारण २२ किलोमीटर. पण मध्ये तापी आहे. हातोडा पूल होण्यापूर्वी नंदुरबारला जायचे तर प्रकाशामार्गे वळसा पडायचा. पूल झाल्यावर रस्ता कमी झाला, वेळ वाचला. हवाई अंतर मात्र तेव्हाही २२ किलोमीटर होते आणि आजही तेवढेच आहे. विमानाच्या बाबतीतही असेच होते. गणिताचे अंतर बदलत नाही, वाट बदलते.

आणखी एक गोंधळ एककाचा असतो. मुंबई-लंडन अंतर कुठे ७,२०० दिसते, कुठे ४,५०० च्या आसपास, तर कुठे ३,९०० च्या आसपास. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा मैलांचा आणि तिसरा विमान वाहतुकीत वापरल्या जाणाऱ्या सागरी मैलांचा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत.

नकाशावर विमानाची रेषा वाकडी का दिसते?

सीटसमोरच्या पडद्यावर किंवा फोनवर विमानाचा मार्ग धनुष्यासारखा उत्तरेकडे वाकलेला दिसतो. ‘सरळ का जात नाही?’ असा प्रश्न अनेकांना पडतो. खरे तर वाकडा असतो तो नकाशा. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरवताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. त्यामुळे सपाट नकाशावर पट्टीने मारलेली रेषा प्रत्यक्षात लांबची असते आणि वाकडी दिसणारी जवळची.

शाळेतला पृथ्वीगोल घेऊन मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो युरोपच्या उत्तर भागाकडे सरकतो. या मार्गाला ‘ग्रेट सर्कल’ म्हणतात. मुंबई-न्यूयॉर्क हे असे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे.

मुंबई-लंडनची ही रेषा काढली तर ती मुंबईहून वायव्येकडे निघते. पाकिस्तानातील बलुचिस्तान, मग इराण, कॉकेशस पर्वताचा प्रदेश, युक्रेनचा पश्चिम भाग आणि मध्य युरोप ओलांडून ती लंडनला पोहोचते. नेमकी इथेच खरी अडचण सुरू होते.

मग विमान त्या रेषेवरून जाते का?

आजच्या घडीला भारतीय कंपनीचे विमान त्या रेषेवरून जाऊ शकत नाही. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून, म्हणजे रशियाने आक्रमण केले त्या दिवसापासून, प्रवासी विमानांना बंद आहे. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले आकाश बंद केले आणि नंतर ही मुदत महिन्या-महिन्याने वाढवत नेली. भारतानेही ३० एप्रिलला पाकिस्तानी विमानांना बंदी केली. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराणचे आकाश बंद झाले आणि २३ जूनला कतारनेही काही तासांसाठी आपले आकाश बंद ठेवले. दोहामार्गे जाणारे असंख्य प्रवासी त्या रात्री अडकले.

याचा अर्थ, जवळच्या रेषेवरचे तीन मोठे टप्पे वेगवेगळ्या वेळी हातातून गेले. त्यामुळे भारतीय विमाने अरबी समुद्रावरून आखाताकडे वळून पुढे युरोप गाठतात. किलोमीटर वाढतात, इंधन वाढते आणि तासही वाढतात.

या वळशाची किंमत मोठी असते. २०१९ मध्ये बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत आकाश बंद ठेवले होते. त्या काळात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याची माहिती केंद्र सरकारने संसदेत दिली होती. २०२५ च्या बंदीनंतर इंडिगोने दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंदची सेवा थांबवली, कारण वळसा घालून ती शहरे त्यांच्या लहान विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली. एअर इंडियाच्या अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून कंपनीने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्यामागे विमानांच्या कमतरतेबरोबर हेही एक कारण दिले गेले.

प्रवाशाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाकिस्तानची ही बंदी भारतीय कंपन्यांच्या विमानांपुरती आहे. परदेशी कंपन्यांना ती लागू नाही. त्यामुळे त्याच दोन शहरांमधल्या दोन कंपन्यांच्या तिकिटांवर वेगवेगळा वेळ दिसू शकतो.

अंतर तेच, पण येताना वेळ कमी का?

याचे मुख्य उत्तर वारा. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमाने ज्या उंचीवर उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना ‘जेट स्ट्रीम’ म्हणतात. त्यांचा वेग ताशी १०० ते २०० किलोमीटर सहज असतो, कधी कधी त्याहून बराच जास्त. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजणी केली होती. त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला आणि जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना मात्र त्याचा थेट अनुभव आला.

साधे गणित करू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० होतो. ७,२०० किलोमीटरला नऊ तास लागतात. तोच वारा पाठीमागून असेल तर वेग १,००० होतो आणि ७ तास १२ मिनिटे पुरतात. वारा नसता तर दोन्हीकडे आठ-आठ तास, म्हणजे एकूण १६ तास लागले असते. वाऱ्यासह एकूण १६ तास १२ मिनिटे होतात. म्हणजे वारा जाताना जेवढा वेळ घेतो, तेवढा परतीला पूर्ण फेडत नाही. प्रत्यक्षात वारा सगळ्या वाटेवर सारखा नसतो. शिवाय चढण, उतरण आणि वळसे असतात. म्हणून तिकिटावर फरक साधारण तासाभराचा दिसतो.

ऋतूप्रमाणेही हा फरक बदलतो. हिवाळ्यात हा पश्चिमी वारा उत्तर भारतावर येतो आणि जोरदार असतो. पावसाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. त्यामुळे एकाच क्रमांकाच्या विमानाला जानेवारीत आणि जुलैत लागणारा वेळ सारखा नसतो.

वाऱ्याची ताकद किती, याचे एक गाजलेले उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. ‘सियारा’ वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या प्रवासाला साधारण सहा-सात तास लागतात.

पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो का?

हा समज बराच पसरलेला आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान वर थांबले तर लंडन आपोआप खाली यायला हवे, असा तर्क केला जातो. पण पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडत असते. धावत्या एसटीत उभ्या माणसाने जागच्या जागी उडी मारली, तर तो मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, तसेच हे. जेट स्ट्रीम तयार होण्यामागे पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे. पण विमानाचा वेळ कमी-जास्त होतो तो वाऱ्यामुळे.

लांबचा रस्ता लवकर पोहोचवू शकतो का?

हो, आणि त्याचे उत्तम उदाहरण भारतीयच आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचे विमान पूर्वी पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जायचे. ते अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, पण विमान साडेचौदा तासांत पोहोचले, म्हणजे आधीपेक्षा लवकर. पश्चिमेकडून जाताना समोरून येणारा वारा पूर्वेकडून जाताना पाठीशी आला होता.

म्हणून विमान कंपन्या रोज उड्डाणापूर्वी त्या दिवशीच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन मार्ग आखतात. किलोमीटर वाचवण्यापेक्षा वेळ आणि इंधन वाचवणे त्यांना महत्त्वाचे असते. आज निघालेले विमान कालच्याच वाटेने जाईल असे नाही.

तिकिटावरचा वेळ कुठून कुठपर्यंत मोजतात?

विमानाचे चाक मुंबईत हलल्यापासून ते लंडनला जागेवर थांबेपर्यंत. यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालणे हे सगळे धरलेले असते. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमाने खोळंबतात. म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडा जादा वेळ आधीच धरून ठेवतात. ‘विमान पाऊण तास उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचले’ असे जे ऐकू येते, त्यामागे हा जादा वेळ आणि अनुकूल वारा असतो.

घरून विमानतळापर्यंतचा प्रवास, चेक-इन, सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन आणि सामानाची वाट पाहणे हे मात्र या वेळेत येत नाही.

घड्याळाचा हिशेब कसा करायचा?

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची असते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथे घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा होतो. न्यूयॉर्कचा फरक हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास.

समजा, जानेवारीत विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले. दहा तासांनी आपल्याकडे रात्रीचे १२ वाजलेले असतील, पण लंडनला संध्याकाळचे साडेसहा. घड्याळ साडेचार तासच पुढे गेले. परतीला लंडनहून रात्री साडेआठला निघाले, तर नऊ तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळचे ११ वाजतील. घड्याळात साडेचौदा तास.

यातून एक सोपी युक्ती निघते. जातानाचा आणि येतानाचा घड्याळी फरक यांची बेरीज केली, की वेळेतला फरक आपोआप कटतो. साडेचार अधिक साडेचौदा म्हणजे १९ तास. प्रत्यक्ष प्रवासही दहा अधिक नऊ, म्हणजे १९ तासच. कोणत्याही दोन शहरांच्या थेट विमानांना ही युक्ती चालते. फक्त दोन्ही तिकिटे एकाच ऋतूतली असावीत आणि मध्ये तारीख बदलत असेल तर ती नीट धरावी.

तळोद्याहून निघाल्यास प्रत्यक्ष किती तास?

अक्षांश-रेखांशांवरून काढले तर तळोद्यापासून लंडन सुमारे ७,१०० किलोमीटर आहे. म्हणजे गणिताने तळोदा मुंबईपेक्षा लंडनला शंभरेक किलोमीटर जवळ! पण विमान धरायला आधी मुंबई गाठावी लागते. हवाई रेषेने ती ३०० किलोमीटरच्या थोडी पुढे आहे, रस्त्याने चारशेहून अधिक आणि तीही लंडनच्या उलट दिशेला.

आता पूर्ण हिशेब मांडू. तळोदा ते मुंबई विमानतळ रस्त्याने आठ-नऊ तास. उड्डाणापूर्वी विमानतळावर तीन तास. विमानात दहा तास. लंडनला इमिग्रेशन, सामान आणि शहरात पोहोचणे यात किमान दोन तास. बेरीज चोवीस तासांच्या घरात जाते. अंतरापैकी ९० टक्क्यांहून अधिक विमान कापते, पण वेळेतला त्याचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपासच असतो. उरलेला वेळ रस्ता आणि रांगा खातात.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की विमानाच्या तिकिटात एक तास वाचवण्यासाठी जादा पैसे मोजण्याआधी मुंबईपर्यंतचा टप्पा नीट आखावा. धुळे-नाशिकमार्गे गेल्यास कसारा घाट आणि भिवंडीची कोंडी दोन-दोन तास खाऊ शकते. रेल्वेने जायचे तर नंदुरबार स्थानक सुरत-भुसावळ मार्गावर आहे, पण मुंबईला जाणारी खान्देश एक्स्प्रेस आठवड्यातील ठरावीक दिवशीच धावते. बहुतेक कंपन्या आंतरराष्ट्रीय उड्डाणाचे चेक-इन साधारण तासभर आधी बंद करतात. त्यानंतर पाच मिनिटांनी पोहोचले तरी विमान चुकलेच. पावसाळ्यात उड्डाण असेल तर आदल्या दिवशी मुंबईत पोहोचणे हाच शहाणपणा.

मुंबई गाठावी की सुरत?

सुरत विमानतळ तळोद्यापासून हवाई रेषेने १६० किलोमीटरच्या आसपास आहे. रस्त्याने चार-पाच तासांत पोहोचता येते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्याला आंतरराष्ट्रीय दर्जा दिला. तिथून दुबईसारख्या आखाती शहरांसाठी थेट विमानसेवा सुरू झाली. आखातात नोकरीला जाणाऱ्यासाठी सुरत हा मुंबईपेक्षा सोयीचा पर्याय ठरू शकतो. आठवड्यातून कोणत्या दिवशी विमान आहे, ते मात्र आधी पाहावे.

युरोप-अमेरिकेसाठी सुरतहून दिल्ली आणि दिल्लीहून पुढे असा पर्याय अ‍ॅपवर दिसतो. इथे थोडा विचार करावा. पाकिस्तानचे आकाश बंद असल्याने दिल्लीहून युरोपकडे निघालेली भारतीय विमाने आधी दक्षिणेला राजस्थान-गुजरातवरून अरबी समुद्रावर येतात आणि मग पश्चिमेला वळतात. म्हणजे सुरतहून उत्तरेला दिल्ली गाठायची आणि पुन्हा गुजरातवरूनच बाहेर पडायचे. मुंबईहून निघणाऱ्या विमानांना हा वळसा तुलनेने कमी पडतो. त्यामुळे सुरत-दिल्ली तिकीट स्वस्त दिसले, तरी एकूण तास मोजूनच निर्णय घ्यावा.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. आता तिकिटावर ‘मुंबई’ लिहिलेले असले तरी विमानतळ कोणता, हे वाचणे आवश्यक झाले आहे. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान धरायचे असेल, तर मध्ये शहरातली वाहतूक आहे.

‘लाइव्ह’ नकाशावर विमान दिसेनासे झाले तर?

मुलगा किंवा मुलगी विमानात बसली, की घरचे फोनवर फ्लाइटरडार२४ सारखे अ‍ॅप उघडून बसतात. विमान स्वतःचे स्थान रेडिओ लहरींनी सतत प्रसारित करते आणि जमिनीवरचे रिसीव्हर ते टिपतात. समुद्रावर, वाळवंटात असे रिसीव्हर कमी असतात. त्यामुळे विमान काही काळ नकाशावरून नाहीसे होते किंवा अंदाजे जागी दिसते. याचा अर्थ काही विपरीत घडले असा होत नाही. विमान सरळ रेषा सोडून वळले किंवा गोल फिरले, तरी बहुतेक वेळा कारण वारा, बंद आकाश किंवा उतरण्याची रांग यापैकी एक असते. खात्रीसाठी विमान कंपनीचे अ‍ॅप किंवा पोहोचण्याच्या विमानतळाचे संकेतस्थळ पाहावे.

तिकीट काढण्यापूर्वी काय तपासावे?

पहिली गोष्ट, किलोमीटर पाहू नका, एकूण तास पाहा. तेही तळोद्यातल्या घरापासून परदेशातल्या खोलीपर्यंतचे.

दुसरी, विमान बदलायचे असेल तर दोन्ही विमाने एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर आहेत का ते पाहा. एकच तिकीट असेल आणि पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरे चुकले, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटे असतील तर दुसऱ्याचे पैसे बहुधा बुडतात, सामानही मध्ये स्वतः काढून पुन्हा द्यावे लागते. अशा वेळी दोन तासांचे अंतर अपुरे आहे.

तिसरी, मधल्या देशात थांबण्यासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो का, याची खात्री त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर करा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

चौथी, निघण्याच्या आदल्या दिवशी आणि निघताना पुन्हा एकदा विमानाची स्थिती तपासा. आकाश बंद झाल्याच्या बातम्या काही तासांत वेळापत्रक बदलतात, हे जून २०२५ मध्ये दिसले आहे. तिकिटावर स्वतःचा चालू मोबाइल क्रमांक आणि ई-मेल नोंदवलेला असावा. एजंटने त्याचाच क्रमांक टाकला असेल, तर बदलाचा संदेश प्रवाशापर्यंत पोहोचतच नाही.

पाचवी, पोहोचल्यावर पहिला फोन कधी येईल ते लंडनच्या घड्याळावरून आधीच काढून ठेवा आणि त्यात किमान दीड-दोन तास मिळवा. विमान उतरले तरी इमिग्रेशनच्या रांगेतून बाहेर येऊन तिथले सिम किंवा वायफाय सुरू होईपर्यंत एवढा वेळ जातोच.